दुभाषी हयात असताना

आमच्या गावातल्या एका जुन्या संस्थेच्या माडीवर मोडी कागदांचे रुमाल आहेत. बहुतेक कागद पेशवाईच्या उत्तरार्धातले. त्यांत वतनांचे तंटे आहेत, देवस्थानांचे हिशेब आहेत आणि दोनचार खासगी पत्रेही आहेत. कसर लागली, पावसाळ्यात ओल आली, तरी कागद टिकले. त्यांची सूची व्हावी म्हणून गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी, आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणत असू, १९९९ साली काम हाती घेतले. मी तेव्हा एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात नोकरीला होतो. गुरुजींनी मला बोलावून विचारले, "वहीत लिहू की तुमच्या त्या यंत्रात?" मी म्हणालो, "गुरुजी, यंत्रात लिहा. वही एकाच क्रमाने वाचता येते, यंत्रातली सूची हव्या त्या क्रमाने."

गुरुजींनी माझे ऐकले. नव्याने आलेल्या 'अ‍ॅक्सेस २०००' या प्रोग्राममध्ये मी त्यांना तक्ता करून दिला. त्यात रुमाल क्रमांक, लिहिणारा, कुणाला लिहिले, शुहूर सन, इसवी सन आणि विषय असे रकाने होते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा, आणि कोणता आकडा घ्यायचा ते महिना पाहून ठरवायचे, हे त्यांना तोंडपाठ होते. अकरा वर्षे ते रोज सकाळी दोन तास बसत. सुमारे अकरा हजार नोंदी झाल्या. २०११ साली गुरुजी गेले.

२०१३ च्या दिवाळीच्या तोंडावर संस्थेने नवे संगणक घेतले आणि त्यांबरोबर सूचीसाठी नवा प्रोग्रामही घेतला. जुनी फाइल नव्या प्रोग्राममध्ये आणायला आलेला मुलगा दिवसभर खटपट करून संध्याकाळी मला म्हणाला, "काका, फाइल करप्ट झालीय. परत टाइप करावी लागेल." जुना संगणक दिवाळीच्या साफसफाईत भंगारात द्यायचे ठरलेच होते. मी चिटणिसांना म्हणालो, "आठ दिवस थांबा."

अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येत होता आणि चौदा वर्षांपूर्वी सुरू झालेली त्याची सूची उघडत नव्हती. हे का झाले याचा शोध घेताना मला जो इतिहास सापडला, तो या लेखाचा विषय आहे. फाइल करप्ट झालेली नव्हती. फॉन्टचा घोळ मराठी माणसाच्या परिचयाचा आहे, पण इथे तोही नव्हता. हरवला होता तो मधला दुभाषी.

एक भाषा, अनेक बोली

माहितीचे साठे आणि ते वापरणारे प्रोग्राम यांचा संबंध आज आपण गृहीत धरतो. पूर्वी तो तसा नव्हता. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या रूपात मांडावी, आणि ती यंत्रात प्रत्यक्ष कुठे व कशी ठेवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच संस्थेतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. पुढे ती 'एसक्यूएल' म्हणून रूढ झाली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिला प्रमाण भाषेचा दर्जा दिला.

पण प्रमाण भाषा ठरली म्हणून बोली संपत नाहीत. प्रत्येक उत्पादकाचा साठा वेगळा होता आणि त्याला हाक मारण्याची रीतही वेगळी होती. पाच प्रोग्रामांना चार प्रकारचे साठे वापरायचे असतील, तर वीस वेगवेगळ्या जोडण्या लिहाव्या लागत. यावर तोडगा काढण्यासाठी १९८९ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून 'एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप' नावाचा गट स्थापन केला. त्याच विचारातून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओडीबीसी' ही योजना बाजारात आणली.

योजना साधी होती. प्रोग्रामने एकाच ठरावीक रीतीने बोलायचे. प्रत्येक साठ्यासाठी त्याची बोली जाणणारा एक दुभाषी ठेवायचा. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये एक व्यवस्थापक बसतो आणि कोणत्या साठ्यासाठी कोणता दुभाषी बोलवायचा ते नोंदवहीत पाहून ठरवतो. आता वीस जोडण्यांच्या जागी पाच प्रोग्राम आणि चार ड्रायव्हर मिळून नऊ गोष्टी पुरू लागल्या.

दुभाष्याचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा नारायण शेणवी हे इंग्रजांचे दुभाषी म्हणून त्याच्याबरोबर होते. दोन्ही बाजूंच्या हेतूंइतकीच मधल्या माणसाच्या जिभेवरही बोलणी अवलंबून असत. संगणकातल्या दुभाष्याची मात्र एक अट अधिक आहे, आणि आमची फाइल त्या अटीत अडकली होती.

घरात येणारा दुभाषी

हा ड्रायव्हर बाहेर ओसरीवर बसून निरोप सांगणारा नसतो. तो प्रोग्रामच्या घरात येतो. प्रोग्राम चालू असताना ड्रायव्हरची फाइल त्याच्याच स्मृतीत उतरवली जाते आणि दोघे एकच जागा वापरतात. एक दुसऱ्याला म्हणतो, "अमुक पत्त्यावर उत्तर ठेव." म्हणून दोघांची पत्ता लिहिण्याची पद्धत एकच असावी लागते.

ही पद्धत आजवर दोनदा बदलली. ओडीबीसी जन्माला आले ते १६ बिटांच्या विंडोजवर. पुढे विंडोज एनटी आणि विंडोज ९५ यांच्यामुळे ३२ बिटांचे युग आले. त्या वेळी जुन्या १६ बिटी प्रोग्रामांना नवे ३२ बिटी ड्रायव्हर वापरता यावेत म्हणून मध्ये एक थर दिला होता. आखूड पत्ते लांब करून पुढे पाठवायचे आणि आलेले उत्तर पुन्हा आखूड करून परत द्यायचे, हे त्या थराचे काम. त्याला 'थंकिंग' असे विचित्र नाव होते. त्याने कामाचा वेग थोडा उतरे, पण काम होई.

३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी स्मृती. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर आला तेव्हा ही मर्यादा कुणाच्या नजरेच्या टप्प्यातही नव्हती. शतक संपता संपता मोठ्या साठ्यांना ती काचू लागली. इंटेलने २००१ मध्ये इटॅनियम हा सर्वस्वी नव्या घडणीचा ६४ बिटी प्रोसेसर आणला. एएमडी कंपनीने दुसरी वाट धरली. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या तिच्या ऑप्टेरॉनमध्ये जुन्या ३२ बिटी आज्ञा तशाच ठेवून ६४ बिटांची भर घातली होती. जुने सारे चालते ठेवणारी हीच वाट पुढे रुळली आणि इंटेलनेही ती स्वीकारली.

एप्रिल २००५ मध्ये विंडोज एक्सपीची अशा प्रोसेसरसाठीची ६४ बिटी आवृत्ती आली. तिच्यात जुने ३२ बिटी प्रोग्राम चालावेत म्हणून वेगळा कप्पा होता. तो आजही आहे. पण या वेळी थंकिंगचा थर दिला नव्हता. ३२ बिटी प्रोग्राम त्याच्या कप्प्यात चालेल आणि ६४ बिटी प्रोग्राम त्याच्या, मात्र एकाच घरात दोघे नांदणार नाहीत, असा नियम झाला. ६४ बिटी प्रोग्राम ३२ बिटी ड्रायव्हरला आत घेऊ शकत नाही, आणि याच्या उलटही होत नाही. नियमाचे कारण समजण्यासारखे आहे. आठ बाइटांचा पत्ता चार बाइटांच्या खणात मावत नाही, आणि ओढूनताणून बसवला तर भलत्याच घराचा निघतो.

गुरुजींची सूची ज्या 'जेट' नावाच्या इंजिनावर उभी होती, त्याची ६४ बिटी आवृत्ती कधी निघालीच नाही. आमचा नवा प्रोग्राम ६४ बिटी होता. त्याने हाक मारली, त्याच्या कप्प्यात ही बोली जाणणारा दुभाषी कुणी नव्हता, आणि पडद्यावर इंग्रजीत वाक्य उमटले. त्या मुलाने त्याचा अर्थ लावला की फाइल बिघडली. त्याला दोष कसा द्यावा? समोरचा माणूस बोलतो आहे आणि आपल्यालाच त्याची भाषा येत नाही, असा विचार आपल्या मनात पहिल्यांदा कधीच येत नाही. आपण म्हणतो, हा बरळतो आहे.

नावांची गंमत

चिटणिसांनी दिलेल्या आठ दिवसांतले पहिले तीन माझे एकाच कोड्यात गेले. नव्या संगणकाच्या कंट्रोल पॅनेलमधून ओडीबीसीची नोंदवही उघडली की ड्रायव्हरांच्या यादीत एकच नाव दिसे, एसक्यूएल सर्व्हर. अ‍ॅक्सेस नाही, एक्सेल नाही, डीबेस नाही. मुलाने हेच पाहिले होते आणि इथेच हात टेकले होते.

चौथ्या दिवशी समजले की नोंदवह्या दोन आहेत. त्या उघडणारी दोन साधने आहेत आणि दोघांच्या फाइलचे नाव एकच, शेवटी '३२' हा आकडा असलेले. एक 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये असते आणि दुसरे 'सिसवॉव ६४' या फोल्डरमध्ये. आता कुणीही म्हणेल की पहिल्या फोल्डरात ३२ बिटी साधन असणार आणि दुसऱ्यात ६४ बिटी. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. 'सिस्टिम ३२' मध्ये ६४ बिटी फाइली राहतात आणि 'सिसवॉव ६४' मध्ये ३२ बिटी.

यालाही इतिहास आहे. असंख्य प्रोग्रामांच्या पोटात 'सिस्टिम ३२' हा पत्ता लिहून ठेवलेला होता. ते प्रोग्राम ६४ बिटांसाठी पुन्हा बांधताना पत्ता बदलावा लागू नये म्हणून फोल्डरचे नाव तसेच ठेवले आणि आतले सामान बदलले. जुन्या सामानाला नवा वाडा दिला. त्याच्या नावातला 'वॉव' म्हणजे 'विंडोजवर विंडोज', अर्थात ६४ बिटी विंडोजच्या पोटातले जुने विंडोज. पुण्याच्या नव्या पेठेत जाऊन नवे काय म्हणून कुणी विचारत नाही, कारण नावे सोयीने पडतात आणि सवयीने टिकतात. पण नवख्या वाटसरूचा दिवस अशा नावांपायी फुकट जातो. पुढे विंडोज ८ पासून दोन्ही साधनांवर ३२ बिट आणि ६४ बिट अशा पाट्या लावल्या गेल्या.

मी दुसऱ्या फोल्डरातले साधन उघडले आणि यादी भरून आली. अ‍ॅक्सेस होता, डीबेस होता, पॅराडॉक्स होता, साधा मजकूरही होता. सगळे दुभाषी हजर होते, फक्त मागच्या वाड्यात बसले होते. मी गुरुजींच्या फाइलची तिथे नोंद केली आणि नव्या प्रोग्रामला पुन्हा हाक मारायला सांगितले. तो पुन्हा अडला, पण या वेळी संदेश वेगळा होता. ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांची वास्तुरचना जुळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला त्या वाक्याचा जितका आनंद झाला, तितका क्वचितच एखाद्या चुकीच्या संदेशाचा झाला असेल. फाइल शाबूत होती. भांडण फक्त दुभाष्याच्या मापाचे होते.

कोऱ्या रकान्याची लांबी

विंडोजवर निदान असा नकार तरी मिळतो. लिनक्स आणि युनिक्सच्या जगात याहून अवघड प्रकार घडला. तिथे ड्रायव्हर आणि व्यवस्थापक दोघेही ६४ बिटी असत, जोडणी होई, आणि तरीही उत्तर चुकीचे येई.

त्याचे असे झाले. ड्रायव्हर एखाद्या रकान्यातला मजकूर देतो तेव्हा त्याची लांबीही कळवतो. रकाना कोरा असेल तर लांबीच्या जागी 'उणे एक' लिहायचे, असा संकेत आहे. ३२ बिटांच्या काळात ही लांबी चार बाइटांत लिहीत. ६४ बिट आल्यावर ती किती बाइटांत लिहायची, याचा अर्थ वेगवेगळ्या उत्पादकांनी वेगवेगळा लावला. काहींनी चार ठेवले, काहींनी आठ केले. कालांतराने आठ हे प्रमाण ठरले, पण तोवर दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर चलनात आले होते. चार बाइटांत लिहिलेले 'उणे एक' आठ बाइटांत वाचले आणि वरचे चार बाइट शून्य असले, तर तो आकडा होतो ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ज्या रकान्यात काहीच नाही, त्यात चार अब्जांहून अधिक अक्षरे आहेत असे प्रोग्रामला वाटे, आणि तो कोसळे.

मोडी वाचणाऱ्यांना असा अनुभव असतो. लिपी येते, शब्द लागतो, पण कोणत्या फडाचा कोणता संकेत आहे हे ठाऊक नसेल तर रक्कम भलतीच निघते. अजिबात न समजण्यापेक्षा असे अर्धवट समजणे जास्त घातक असते.

चार वाटा

अशा प्रसंगी चार वाटा असतात. पहिली, नवा प्रोग्राम ३२ बिटी करून घ्यायचा, म्हणजे तो मागच्या वाड्यात राहायला जाईल. प्रोग्राम आपला असेल तरच हे शक्य आहे, आणि ती तात्पुरती सोय असते. दुसरी, ६४ बिटी दुभाषी शोधायचा. २०१० च्या ऑफिसबरोबर जेटच्या पुढच्या पिढीचे इंजिन ६४ बिटांत आले होते. पण संगणकावर ३२ बिटी ऑफिस आधीच बसवलेले असेल, तर हे ६४ बिटी इंजिन शेजारी बसायला नकार देई. आमच्याकडे नेमके ३२ बिटी ऑफिस होते. तिसरी वाट पुलाची. एक छोटा ३२ बिटी प्रोग्राम वेगळ्या घरात ठेवायचा, त्याने जुन्या साठ्याशी बोलायचे आणि ६४ बिटी प्रोग्रामला बाहेरून निरोप द्यायचे. साठा रोज वापरात असेल तर हा मार्ग चांगला, पण पुलाची डागडुजी कायमची मागे लागते.

चौथी वाट स्थलांतराची. जुना दुभाषी जागा आहे तोवर त्याच्याकडून सगळे एकदा वदवून घ्यायचे आणि ज्याला दुभाषी जवळजवळ लागत नाही अशा रूपात लिहून ठेवायचे. आम्ही ही वाट धरली. ३२ बिटी एक्सेलमधून, ३२ बिटी नोंदवहीच्या साहाय्याने सारा तक्ता ओढून घेतला, युनिकोड मजकुराच्या साध्या फाइलीत उतरवला आणि तो नव्या प्रोग्रामला दिला. काम एका दुपारचे होते. मग तीन दिवस त्या मुलाने आणि मी मिळून नोंदींची संख्या ताडून पाहिली, कोरे रकाने कोरेच आहेत का ते पाहिले, आणि शुहूर सनावरून काही इसवी सन हाताने काढून पडताळले. एका नोंदीपुढे गुरुजींनी विषयाच्या रकान्यात लिहिले होते, 'शाई उडाली, पुन्हा उन्हात पाहणे.' ते पुन्हा टाइप करणाऱ्याने गाळलेच असते.

दुहेरी काळ

या प्रकरणानंतर मी आजूबाजूला पाहू लागलो. महाराष्ट्रातल्या कितीतरी पतसंस्थांचे हिशेब एकेकाळी फॉक्सप्रोत होते. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा आधार २०१५ मध्ये संपला आणि ६४ बिटी रूप निघाले नाही. जावा या भाषेत ओडीबीसीशी जोडणारा एक पूल सुरुवातीच्या काळापासून होता. २०१४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीतून तो काढून टाकला. २०२१ चे विंडोज ११ फक्त ६४ बिटी प्रोसेसरवर चालते. ३२ बिटी प्रोग्राम त्यात अजून चालतात, पण १६ बिटी प्रोग्रामांची सोय ६४ बिटी विंडोजमध्ये पहिल्यापासूनच नव्हती. मागच्या वाड्याचे दरवाजे असे एकेक करून बंद होत असतात.

उलट बाजूही आहे. अ‍ॅक्सेसच्या फाइलीची घडण उलगडून ती वाचणारी मुक्त साधने स्वयंसेवकांनी लिहिली. २००० साली आलेल्या एसक्यूएलाइट या साठ्याच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत तो सांभाळण्याचा मनोदय जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ जतनासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत त्याचा समावेश केला आहे.

मोडीचा इतिहास मला यातून नव्याने दिसला. मोडी एका दिवसात गेली नाही. छपाईसाठी बाळबोध आली, पण कारकून, वकील, सावकार पुढे दोन पिढ्या मोडी लिहीत राहिले. या दुहेरी काळात दोन्ही लिप्या येणारी माणसे घरोघर होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, ते या दुहेरी काळात निघाले म्हणून शक्य झाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली, आणि जे तेव्हा उतरवून घ्यायचे राहिले, त्यासाठी आज मोडीवाचक शोधत फिरावे लागते.

प्रत्येक बदलात असा दुहेरी काळ असतो, जुना दुभाषी अजून बोलतो आहे आणि नवा ऐकू लागला आहे असा. संगणकाच्या जगात तो पंधरा-वीस वर्षांचा असतो. माहिती म्हातारी होत नाही. म्हातारा होतो तो तिचा दुभाषी, आणि तो गेल्याचे वर्तमान आपल्याला हाक मारल्यावरच कळते. १९९९ साली गुरुजींना मी यंत्रात लिहा म्हणून सांगितले, पण दर काही वर्षांनी ते उतरवून घ्यावे लागेल, हे सांगायचे राहिले. ती चूक माझी होती.

आता दर दिवाळीच्या साफसफाईला आम्ही माडीवरचे रुमाल उन्हात घालतो आणि त्याच दिवशी सूचीची फाइल उघडून पाहतो. तिची एक प्रत मजकुराच्या साध्या फाइलीत आहे, दुसरी एसक्यूएलाइटमध्ये, आणि तिसरी कागदावर छापून रुमालात बांधलेली. आठ दिवसांसाठी थांबवलेला तो जुना संगणक अजून कपाटात आहे. चिटणीस दरवर्षी विचारतात, "देऊ का आता?" मी म्हणतो, "चालू होतो आहे तोवर राहू द्या."